होम स्टुडिओतल्या केबल: गोव्यात सिंथ, ड्रम मशीन आणि इंटरफेस जोडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबल आणायला बाहेर पडण्याआधी प्रत्येक यंत्राच्या पाठीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा. सॉकेटपाशी बारीक अक्षरांत 'लाइन आउट', 'फोन्स', 'सिंक' असं जे छापलेलं असतं ते दुकानात आठवत नाही. आणि चुकीची केबल बहुतेक वेळा भोकात अगदी नीट बसते. बसली म्हणजे जुळली असं नाही. खालचे बरेचसे प्रश्न त्या एकाच गोष्टीतून आलेले आहेत.

दुकानात 'पी-३८', 'ईपी', 'कॅनन' म्हणतात. हे नेमकं काय?

म्हापसा असो, पणजी असो की मडगाव, इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर हीच भाषा चालते. पी-३८ म्हणजे गिटारला आणि सिंथला (सिंथेसायझरला) लागणारा ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक. ईपी म्हणजे ३.५ मिलिमीटरचा बारीक जॅक, जुन्या मोबाईलच्या इअरफोनचा. कॅनन म्हणजे माइकची तीन पिनांची एक्सएलआर. ती पहिल्यांदा बनवणाऱ्या कंपनीचं नावच तिला चिकटलं. टीव्ही-डीव्हीडीच्या लाल-पांढऱ्या जॅकला, म्हणजे आरसीएला, आरसीएच म्हणतात.

पी-३८ आणि ईपी, दोन्ही 'मोनो' आणि 'स्टीरिओ' अशा दोन प्रकारांत मिळतात. जॅकच्या धातूवर एक काळी रेघ असेल तर मोनो, म्हणजे टीएस. दोन रेघा असतील तर स्टीरिओ, म्हणजे टीआरएस. 'स्टीरिओ' हा शब्द मात्र फसवा आहे. टीआरएस जॅकला तीन संपर्क असतात, एवढंच त्यावरून कळतं. त्या तिनांतून डावा-उजवा आवाज जाणार की बॅलन्स्ड मोनो, हे यंत्र ठरवतं, केबल नाही.

बॅलन्स्ड केबलने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण दोन्ही टोकांची यंत्रं बॅलन्स्ड असतील तरच. बॅलन्स्ड जोडणीत दोन तारा आणि त्यांभोवती शील्ड, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टण, असतं. एका तारेत सिग्नल जातो, दुसऱ्या तारेत बहुधा तोच सिग्नल उलटा करून पाठवलेला असतो. वाटेत घुसलेला गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो. समोरचं इनपुट एकातून दुसरा वजा करतं. सारखा होता तो गोंगाट जातो, उलटा होता तो सिग्नल उरतो. एक्सएलआरमध्ये पिन १ शील्ड, पिन २ सुलट, पिन ३ उलट. टीआरएसमध्ये टोक सुलट, मधलं कडं उलट आणि बाकीचा दांडा शील्ड.

इंटरफेस म्हणजे यंत्रांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी. तिच्यापासून मॉनिटर स्पीकरपर्यंतची जोडणी बॅलन्स्डच ठेवा. त्यावर काटकसर करू नका.

माझ्या सिंथला टीएस घेऊ की टीआरएस?

सिंथच्या माहितीपुस्तिकेत आउटपुटपुढे 'बॅलन्स्ड' लिहिलं असेल तर टीआरएस, नसेल तर टीएस. बरेचसे सिंथ आणि ड्रम मशीन अनबॅलन्स्डच असतात. अशा यंत्राला टीआरएस केबल लावून ते बॅलन्स्ड होत नाही. नुकसानही सहसा होत नाही. अनबॅलन्स्ड सिंथ, तीन मीटरपर्यंतची केबल, घरात शांत वीज: यात टीएस पुरेशी आहे. हम, म्हणजे सततचा घुमणारा आवाज, येत असेल तर खाली सांगितलेली केबल घरी बनवा, ती यापेक्षा बरी.

ड्रम मशीनच्या हेडफोन आउटमधून टीआरएस केबलने इंटरफेसच्या एका इनपुटला जोडलं. हायहॅट ऐकू येतं, पण किक आणि बेस गायब. मशीन बिघडलं का?

नाही. हेडफोनच्या आउटमध्ये टोकावर डावा आवाज आणि कड्यावर उजवा असतो. इंटरफेसचं बॅलन्स्ड इनपुट कड्यावरचा सिग्नल 'उलट तार' समजतं आणि डाव्यातून उजवा वजा करतं. किक आणि बेस मधोमध असतात, म्हणजे दोन्हींकडे सारखे, म्हणून तेच कापले जातात. कडेला ठेवलेले आवाज तेवढे उरतात, आणि तेही पोकळ, लांबून आल्यासारखे वाटतात.

इथे हवी ती एक टीआरएस आणि तिला फुटलेल्या दोन टीएस अशी केबल. डावा टीएस पहिल्या इनपुटला, उजवा दुसऱ्याला. बारीक जॅकच्या यंत्रांना, म्हणजे कोर्गच्या व्होल्का मालिकेसारख्यांना, एका टोकाला स्टीरिओ ईपी आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८.

तशीच केबल उलटी वापरून दोन सिंथ एका इनपुटला जोडू का?

नको. एक आउटपुट दोन इनपुटांना वाटता येतं. दोन आउटपुटं एका इनपुटात कोंबता येत नाहीत. एका सिंथचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटावर ओझं टाकतं, दोघांचा आवाज पडतो, कधी फाटतो. साधा मिक्सर घ्या.

गिटारची केबल सिंथला चालेल? स्पीकरची?

गिटारची खुशाल चालेल, तीही टीएसच. केबलची धारिता, साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड, ही गिटारच्या पिकअपला त्रास देते कारण पिकअपचा अवरोध फार मोठा असतो. लांब केबलने गिटारचा वरचा चमकदार आवाज मंदावतो. सिंथच्या आउटपुटचा अवरोध १ किलोओहम किंवा त्याहून कमी असतो. सहा मीटर केबल लावली तरी तिचा परिणाम अडीच लाख हर्ट्झच्या पलीकडे सुरू होतो, आणि माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो. म्हणून सिंथसाठी 'खास स्वराची' महागडी केबल घेण्यात अर्थ नाही. पैसे जॅकवर आणि केबलची पकड घट्ट ठेवणाऱ्या क्लॅम्पवर घाला, कारण केबल मरते ती बहुधा जॅकच्या तोंडाशी.

स्पीकरची केबल मात्र अजिबात नको. बाहेरून जॅक तोच दिसतो, आत शील्ड नसतं. अख्ख्या घराचा हम ती गोळा करते. आणि उलट चूक जास्त वाईट: गिटारची बारीक केबल अँप्लिफायर आणि पॅसिव्ह स्पीकरच्या मध्ये लावली तर ती तापते, अँप्लिफायर जाऊ शकतो.

इंटरफेसच्या एकाच भोकात एक्सएलआर आणि जॅक दोन्ही बसतात. सिंथसाठी कुठला वापरू?

जॅक. त्या जोडसॉकेटमध्ये एक्सएलआर लावली की बहुतेक इंटरफेस ती माइकची समजून सिग्नल माइकच्या प्रीअँपकडे नेतात. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, सिंथचा त्याच्या शेकडो पट. गेन शून्यावर असूनही आवाज फाटतो. जॅक लावा, 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड'चं बटण बंद ठेवा, ते गिटारसाठी आहे. ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, फक्त कंडेन्सर माइकला. घुमट किंवा तबला माइकवरून रेकॉर्ड करून झाल्यावर त्याच चॅनलला दुसरं काही जोडायचं असेल तर फँटम बंद करून अर्धा मिनिट थांबा, मगच केबल काढा.

यंत्राची पातळीही बघा. स्टुडिओची यंत्रं +४ डीबीयूवर, म्हणजे १.२३ व्होल्टवर चालतात. घरगुती आरसीएची −१० डीबीव्हीवर, म्हणजे ०.३१६ व्होल्टवर. दोन्हींत सुमारे १२ डेसिबलचा फरक आहे. आरसीएवरचा आवाज मंद वाटला तर केबलवर खापर फोडण्याआधी इंटरफेसमध्ये पातळी बदलण्याची सोय शोधा.

मिडीची केबल म्हणजे आवाजाची केबल का?

नाही. मिडीतून आवाज जात नाही, सूचना जातात: कुठला सूर, किती जोरात, कधी सोडला. १९८३ पासून तीच पद्धत आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराची सूचना पोचायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. पाच पिनांपैकी ४ आणि ५ वर सूचना, २ वर शील्ड. १ आणि ३ रिकाम्या. १५ मीटरपर्यंत केबल चालते, घरात दीड-दोन मीटर पुरे. 'आउट'मधून दुसऱ्याच्या 'इन'मध्ये, तिथून पुढे न्यायचं तर 'थ्रू'मधून. थ्रूची साखळी तीन-चार यंत्रांपलीकडे गेली की सूर अडकू लागतात; मग एकच सूचना अनेक यंत्रांना थेट वाटणारा थ्रू बॉक्स घ्या.

मिडीचा एक मोठा गुण कमी लोकांना माहीत असतो. प्रत्येक 'इन'मध्ये ऑप्टोकपलर असतो. सूचना प्रकाशाने पलीकडे जाते, तारेने नाही. म्हणून पाच पिनांच्या मिडीतून हम येत नाही. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

छोट्या सिंथला मिडीचा बारीक जॅक आहे. केबल लावली, पण काहीच होत नाही.

'ए' आणि 'बी' यांचा गोंधळ आहे. बारीक जॅकवर मिडी देण्याच्या दोन पद्धती निघाल्या. ए प्रकारात जॅकचं टोक पाचव्या पिनेला आणि कडं चौथ्या पिनेला जोडलेलं असतं. बी प्रकारात बरोबर उलट. २०१८ मध्ये ए प्रकार मानक ठरला, पण त्याआधीची बरीच यंत्रं, विशेषतः आर्टुरिया आणि नोव्हेशनची, बी प्रकारची आहेत. चुकीच्या अडॅप्टरने काही जळत नाही, सूचना पोचत नाही इतकंच. पुस्तिकेत प्रकार बघा आणि तोच अडॅप्टर घ्या. दोन्ही टोकांना बारीक जॅक असतील आणि दोन्ही यंत्रं एकाच प्रकारची असतील तर साधी स्टीरिओ ईपी केबल चालते. मोनो ईपी कधीच चालत नाही.

जुनं ३०३ किंवा ८०८ मिळालं आहे. त्याच्या पाच पिनांच्या सिंकला (ठेका जुळवणाऱ्या सॉकेटला) मिडीची केबल लावू?

भोक तेच, भाषा वेगळी. हणजूण-वागातोरच्या ट्रान्स संगीतात जी चिरकी, वळवळती बेसलाइन ऐकू येते ती रोलंडच्या टीबी-३०३ ची. हे यंत्र १९८१ चं, रोलंडचंच ड्रम मशीन टीआर-८०८ हे १९८० चं; दोन्ही मिडीच्या आधीची. त्यांच्या सॉकेटमध्ये पिन १ वर चालू-बंद, पिन ३ वर ठेका, पिन २ वर ग्राउंड असतं. एका मात्रेला २४ ठोके. म्हणजे मिडी ज्या पिना रिकाम्या ठेवतं त्यांच्यावरच इथलं सगळं काम चालतं.

त्यामुळे दोन गोष्टी हव्यात. एक, मिडीचं या सिंकमध्ये रूपांतर करणारी पेटी. दोन, पाचही तारा जोडलेली केबल. बाजारातल्या बऱ्याच मिडी केबलींत तीनच तारा असतात, आणि साच्यात ओतलेल्या जॅकमुळे बाहेरून ते कळत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांच्या पिन १ आणि पिन ३ तपासूनच घ्या.

व्होल्का आणि मॉड्युलर सिंथच्या सिंकसाठी?

मोनो ईपी, शक्यतो लवचीक. तिथे ठेका ५ व्होल्टच्या ठोक्यांनी जातो. व्होल्काला मात्रेला दोन ठोके लागतात. मॉड्युलरचा आवाज इंटरफेसला देताना पातळी आधी खाली घ्या. त्याचा सिग्नल १० व्होल्टपर्यंत झुलतो, इंटरफेसला तो झेपत नाही.

दोन सिंथ यूएसबीने एकमेकांना जोडता येतील का?

सहसा नाही. यूएसबीत एक यजमान लागतो आणि दुसरा पाहुणा. लॅपटॉप यजमान असतो, सिंथ पाहुणे. दोन पाहुणे जोडले तर कोणीच बोलत नाही. लॅपटॉपशिवाय काम करायचं असेल तर यूएसबी होस्टची पेटी घ्या, नाहीतर पाच पिनांची मिडी वापरा.

लांबी पाच मीटरच्या आत ठेवा. आणि मोबाईलच्या चार्जरसोबत आलेली केबल वापरू नका. काहींत फक्त विजेच्या तारा असतात. सिंथचे दिवे लागतात, पण लॅपटॉपला तो दिसत नाही, आणि माणूस दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतो.

सगळं बरोबर जोडलं तरी हम येतो. सुरुवात कुठून करू?

आधी कान लावून ऐका, कारण आवाजावरून अर्धं निदान होतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. जाड, गोल 'हूं' असा आवाज येत असेल आणि तो हार्मोनियमच्या पांढरी पाच स्वरापेक्षा किंचित चढा लागत असेल, पण पेटीवर नसलेल्या फार खालच्या सप्तकात, तर तो विजेचाच ५० हर्ट्झचा हम. बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांचं ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेलंय. धारदार 'झर्र' असेल तर तो पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर. आणि माऊस हलवला की बदलणारी बारीक किरकिर, किंवा १ आणि ८ किलोहर्ट्झला टिकून राहणारी शिट्टी, ही यूएसबीतून येते. यूएसबीच्या घड्याळाचे तेच ठोके.

मग या क्रमाने जा.

१. इंटरफेसमधून मॉनिटर सोडून सगळ्या केबल काढा. तरीही हम येत असेल तर दोष मॉनिटरच्या जोडणीत किंवा विजेत आहे.

२. सगळी यंत्रं भिंतीतल्या एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. होम स्टुडिओची सगळी यंत्रं मिळून ५०० वॉटही सहसा ओढत नाहीत, ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. बऱ्याच घरांतला हम इथेच जातो.

३. एकेक केबल परत लावा. जिने हम सुरू होतो ती जोडणी तुमची गुन्हेगार.

४. ते यंत्र यूएसबीनेही आणि आवाजाच्या केबलनेही जोडलेलं असेल तर यूएसबी काढून बघा. हम गेला, तर यूएसबीऐवजी पाच पिनांची मिडी वापरा. वरचा ऑप्टोकपलर इथे कामाला येतो. यंत्राला मिडी नसेल तर मध्ये यूएसबी आयसोलेटर लावा. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतात: मिडीच्या सूचनांना ते भरपूर आहे, पण ऑडिओ इंटरफेसला पुरत नाही.

५. तेही जमलं नाही तर आवाजाच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर किंवा ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण असलेला डीआय बॉक्स लावा.

प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं हा उपाय नाही. हम जातो हे खरं. पण यंत्रात बिघाड झाला की २३० व्होल्ट तुमच्या माइकच्या जाळीवर येतात.

लॅपटॉपच्या धातूला किंवा सिंथच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात.

दोन पिनांच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. अर्थ नसल्यामुळे त्यांतून अगदी थोडी वीज यंत्राच्या अंगावर येऊन थांबते. पावसाळ्यात ओलसर लादीवर अनवाणी उभं राहून मनगटाची आतली बाजू लॅपटॉपच्या कडेवरून हळू फिरवली की त्वचेला मुंग्या येतात, पृष्ठभाग खरखरीत लागतो; टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा मिणमिणतो. एवढी गळती घातक नसते, पण अशा यंत्राची केबल चालू स्पीकरमध्ये खुपसली की फाटकन आवाज होतो, आणि ट्वीटर किंवा इनपुट जाऊ शकतं. तीन पिनांचा चार्जर वापरा. केबल लावताना-काढताना मॉनिटर बंद ठेवा. सुरू करताना मॉनिटर शेवटी, बंद करताना मॉनिटर आधी.

तीन पिनांचा प्लग असूनही झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कधी कधी तारच नसते. ती असली तरी जांभ्याची जमीन मार्च ते मे कोरडी पडते आणि अर्थिंगचा अवरोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात त्या महिन्यांत नेमाने पाणी घालावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर काम करून घ्यावं.

पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंखा लावला की खरखर.

दोष पंख्याचा नाही, गोल फिरणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा आहे. तो विजेची लाट चिरून वेग कमी करतो. पंखा पूर्ण वेगात ठेवून बघा, खरखर बरीच कमी होईल. मग एक ते पाच टप्प्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवून घ्या. वीज गेल्यावर खरखर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. साइन वेव्हचा हवा. आवाजाची केबल आणि विजेची वायर शेजारी-शेजारी नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पावसाळ्यात केबल खराब होतात. काय करू?

जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि किनाऱ्याजवळ तिच्यात मीठ मिसळतं. जॅकचं निकेल निस्तेज होतं, त्यावर राखाडी पापुद्रा चढतो. प्लेटिंग खरवडलेल्या जागी पितळेवर हिरवट डाग येतात. जॅक हलवला की खरखर, फिरवला की आवाज परत येतो: हे त्याचं लक्षण.

आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन जॅक पुसा, मग सॉकेटमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. घासल्याने आतले संपर्क साफ होतात. वापरात नसलेले जॅकही महिन्यातून एकदा असे फिरवावेत, पॅचबेचे, म्हणजे सगळ्या जोडण्या एकत्र आणणाऱ्या पट्टीचे, तर नक्कीच. सँडपेपर नको, प्लेटिंग निघून जातं. गंज सोडवायचा घरगुती स्प्रे नको, त्याचा तेलकट थर धूळ धरतो.

सोन्याचा मुलामा गंजत नाही. रोज काढ-घाल होत नाही अशा आरसीएला तो चांगला. पी-३८ सतत आत-बाहेर होतो, पातळ सोनं लवकर झिजतं. तिथे कडक निकेल बरं. न्यूट्रिकसारखे स्क्रूने उघडणारे जॅक घ्या. साच्यात ओतलेला जॅक एकदा गेला की केबलच फेकावी लागते.

ठेवताना केबल पूर्ण कोरडी करून, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळली जाते. एक वेढा सुलट, पुढचा उलट असा घ्या. सोडताना गाठ पडत नाही.

सिंथचा हम कमी करणारी केबल घरी कशी बनवायची?

सामान: एक मोनो पी-३८, एक स्टीरिओ पी-३८, दोन तारा आणि विणलेलं शील्ड असलेली माइकची केबल ३ मीटर, ६०/४० सोल्डर, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर. वर्खाचं शील्ड असलेली केबल भिंतीत बसवायला ठीक, पण रोज हलवली तर वर्ख तुटतो.

दोन्ही जॅकची बाहेरची नळी आधी केबलवर चढवा. सोल्डर झाल्यावर ती चढवता येत नाही. वरचं आवरण २० मिलिमीटर सोला. शील्डची वीण सोडवून एकत्र पिळा. आतल्या दोन तारा ५ मिलिमीटर सोलून त्यांच्यावर सोल्डरचा थर द्या. स्टीरिओ जॅकला: लाल तार टोकाला, दुसरी तार कड्याला, शील्ड दांड्याला. मोनो जॅकला, म्हणजे सिंथच्या बाजूला: लाल तार टोकाला, दुसरी तार आणि शील्ड दोन्ही एकत्र दांड्याला. प्रत्येक सांध्याला दोन-तीन सेकंदच उष्णता द्या. जास्त वेळ धरलंत तर प्लॅस्टिक वितळून आत शॉर्ट होतो. सांधा चकचकीत दिसायला हवा. मंद, दाणेदार दिसला तर तो कच्चा आहे, पुन्हा तापवा. शेवटी क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर दाबा, तारांवर नाही.

तपासणी: टोक ते टोक बीप यायला हवा. स्टीरिओचं कडं आणि मोनोचा दांडा यांत बीप. टोक आणि दांडा यांत बीप नको. स्टीरिओ जॅकचं कडं आणि दांडा यांतही बीप येईल, कारण पलीकडे ते एकत्र आहेत. ती चूक नाही. ही केबल इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की इनपुट सिंथच्या ग्राउंडवरचा गोंगाट वजा करून टाकतं.

लॅपटॉप, चार इनपुटांचा इंटरफेस, दोन मॉनिटर, एक मोनो सिंथ, एक स्टीरिओ ड्रम मशीन, एक माइक. एकूण किती केबल लागतील?

मॉनिटरसाठी टीआरएस ते एक्सएलआर मेल, ३ मीटरच्या दोन. एक्सएलआरमध्ये सिग्नल नेहमी पिनांच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून मॉनिटरकडे मेल. सिंथला वरची घरी बनवलेली एक, ड्रम मशीनला टीएसच्या दोन. माइकला ५ मीटरची एक्सएलआर. मिडीच्या दीड मीटरच्या दोन: इंटरफेसमधून सिंथला, सिंथच्या थ्रूमधून ड्रम मशीनला. यूएसबीची इंटरफेससोबत आलेली, आणि एक जादा. टीएस आणि टीआरएसची एकेक शिल्लक ठेवा.

लांबी डोळ्यांनी ठरवू नका. सुतळी टेबलाच्या पायावरून, भिंतीच्या कडेने, केबल जाणार त्याच वाटेने न्या, मोजा आणि अर्धा मीटर वाढवा. दोन्ही टोकांना कागदी टेपवर 'सिंथ–१', 'किक डावा' असं लिहून वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर पावसाळ्यात शाई पसरते.

डिजिटल कोॲक्सला साधी आरसीए केबल चालेल का?

एक मीटरपर्यंत बहुधा चालून जाते. त्याहून लांब असेल तर ७५ ओहमची घ्या, नाहीतर मध्येच टिकटिक येते. ऑप्टिकल केबल तीव्र वाकवू नका, आणि टोकाची टोपी टाकून देऊ नका. ॲडॅटवर, म्हणजे एका ऑप्टिकल केबलमधून अनेक चॅनल नेणाऱ्या पद्धतीत, ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल मिळतात, ९६ ला चारच.

मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की काय काढायचं?

विजेचे सगळे प्लग भिंतीतून. बटण बंद करणं पुरत नाही. इंटरनेटची तांब्याची तार राउटरमधून काढा, आणि लॅपटॉप-इंटरफेसमधली यूएसबीही. हे सगळं पहिल्या गडगडाटालाच करा. वीज जवळ पडू लागल्यावर केबलला हात लावू नका.